ग्रहणातली विळी

१९९५ ची दिवाळी आम्ही गावी केली होती, देवगड तालुक्यात, आजीकडे. लक्ष्मीपूजन २३ ऑक्टोबरला होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण, त्यामुळे त्या वर्षी दिवाळीला दिवाळीचा रंगच चढला नाही. संध्याकाळपासून वेध लागणार म्हणून फराळाचे डबे लवकर बंद झाले, पाण्याच्या हंड्याकळशांवर तुळशीची पानं पडली, लोणच्याच्या बरण्यांवर दर्भाच्या काड्या. मी तेव्हा दहा वर्षांची. मला आठवतंय ते हे की रात्री आजीनं स्वयंपाकघरातली विळी उचलली, जुन्या लुगड्याच्या फडक्यात नीट गुंडाळली आणि भाताच्या कणगीत खोलवर खुपसून ठेवली. सुया, कात्री, अडकित्ता सगळं एका डब्यात घालून माळ्यावर. कारण काकूला सातवा महिना होता.

सकाळी काकू आतल्या खोलीत चटईवर उताणी, हातपाय सरळ, दारं-खिडक्या बंद, कौलांमधून ऊन येतं म्हणून त्या कवडशाखाली सुद्धा गोणपाट लावलेलं. खाजवायचं नाही, कूस बदलायची नाही, काही चिरायचं नाही. आजी उंबऱ्यावर बसून होती, जप करत. मी दाराशी घोटाळत होते तर म्हणाली, "गो बाय, भायर जाव नको हां." तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. खरीखुरी, पोटातून आलेली भीती. दहा वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसांची भीती लगेच कळते. कारण मात्र कळायला मला सोळा वर्षं लागली.

त्याच्या एक महिना आधीच, २१ सप्टेंबरला, गणपती दूध पितो म्हणून अख्खा देश रांगेत उभा होता आणि आमच्या मुंबईच्या चाळीतून बाबाही वाटी-चमचा घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी शाळेत सायन्सच्या बाईंनी विटेचा एक तुकडा आणि चमचाभर पाणी घेऊन पृष्ठताण म्हणजे काय ते दाखवलं, चमचा टेकवला की पाणी कसं ओढलं जातं आणि ओघळ कसा गुपचूप खाली उतरतो ते. माझ्या आयुष्याला वळण त्या विटेच्या तुकड्यानं दिलं असं मी मनापासून म्हणते. मी फिजिक्स घेतलं, एमएस्सी केलं, आता ज्युनियर कॉलेजला शिकवते. पण हा लेख विज्ञान जिंकलं आणि आजी हरली असा नाही, कारण तसं घडलंच नाही.

तर ग्रहण. आमच्याकडे ग्रहणाची सगळी माहिती पंचांगातून यायची आणि मला कितीतरी वर्षं पंचांग म्हणजे अंधश्रद्धेचं पुस्तक वाटायचं. स्पर्श, म्हणजे ग्रहण लागायची वेळ, अमुक वाजून अमुक मिनिटांनी, मध्य, मोक्ष म्हणजे सुटायची वेळ, आणि खाली वेध कधी पाळायचे. मग बीएस्सीला असताना एकदा घड्याळ लावून बसले आणि पाहिलं, तर स्पर्श मिनिटाला मिनिट बरोबर! ही आकडेमोड कोणीतरी केलीये, आणि ती राहूनं सूर्य गिळला असं मानून करताच येत नाही. आर्यभटानं ४९९ साली स्वच्छ लिहून ठेवलंय की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची मोठी सावली. आणि आपल्याच कोकणात, मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमाराला ग्रहलाघव लिहिलं, त्यात ज्या-कोज्यांचा, म्हणजे साइन-कोसाइनचा, किचकट हिशोब टाळून साध्या गुणाकार-भागाकारानं ग्रहांची स्थिती काढायची रीत दिली आणि पुढची कितीतरी शतकं महाराष्ट्रातली पंचांगं त्या रीतीवर चालली. म्हणजे एकाच पानावर वरच्या ओळीत सावलीचं चोख गणित आणि खालच्या ओळीत उपास, स्नान, दान. गणित करणारा माणूस आणि स्नान करणारा माणूस बऱ्याचदा एकच. त्याला ते खटकत नसेल का? मला वाटतं नसेल. माझ्यासारख्या लोकांना मात्र असं वाटतं की माणसानं कुठल्यातरी एका ओळीत राहायला हवं.

अजून एक गोष्ट त्या पानावर असायची आणि मी मोठी होईपर्यंत ती वाचलीच नव्हती. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी, चंद्रग्रहणाचे तीन प्रहर, पण लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी आणि गर्भवती यांनी एवढं कडक करायचं नाही, त्यांना वेळ कमी. शास्त्र लिहिणाऱ्याला सुद्धा गरोदर बाईच्या पोटातली भूक दिसत होती. चटईवर सरळ निजवायचं, खाजवायचं सुद्धा नाही, हे पंचांगात नव्हतं, ते घराघरातून आलं.

आणि जे बाहेरून यायचं ते पण सांगायला हवं. "दे दान, सुटे गिराण!" आमच्या चाळीच्या मागच्या गल्लीतून ही हाक मी लहानपणी ऐकलीये. ग्रहण सुटलं की टोपल्या घेऊन माणसं यायची, बायाबापड्या, कडेवर पोरं, आणि वरून त्यांना जुने कपडे, धान्य, पैसे टाकले जायचे, हातात हात लागणार नाही असे. ही माणसं कोण होती? गावानं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं तीच. आभाळात एका गोलावर दुसऱ्या गोलाची सावली पडते, दोन-तीन तासांत निघून जाते, आणि तिच्या निमित्तानं खाली जमिनीवर माणसानं माणसावर टाकलेली सावली शेकडो वर्षं हलत नाही. पुढे त्या वस्त्यांतल्या शिकलेल्या पोरांनी, बाबासाहेबांचं ऐकून, हे मागणं बंद केलं. श्रद्धा ही प्रत्येकाची वैयक्तिक बाब असं कुणी म्हटलं की मला ती हाक आठवते. सगळ्याच श्रद्धा वैयक्तिक नसतात, काहींची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजायला लागते.

आता थोडं विषय सोडून वाटेल, पण नाहीये. आमच्या गावापासून विजयदुर्ग जवळ. किल्ल्यावर दगडी चौथरे आहेत, त्यांना साहेबाचे कट्टे म्हणतात. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकयर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं याच कट्ट्यांवर दुर्बीण लावली आणि हेलियमचा शोध लागला. पृथ्वीवर हेलियम सापडायच्या आधी तो सूर्यावर सापडला, आणि सापडला आमच्या किल्ल्यावरून! १८ ऑगस्टला तिथं हेलियम दिवस पण साजरा होतो. मी स्वतः वर्गात ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल, छाती फुगवून, प्रत्येक बॅचला. सूर्याच्या उजेडाचे रंग वेगळे केले की जो पट्टा दिसतो त्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेषा फळ्यावर काढायची, ५८७.५ नॅनोमीटर लिहायचं आणि म्हणायचं, आपल्या सिंधुदुर्गातून.

मग एक दिवस वर्गातल्या एका मुलीनं साधा प्रश्न विचारला. मॅडम, ऑगस्टमध्ये विजयदुर्गला सूर्य दिसतो?

मी गप्प झाले. कोकणातली बाई मी. ऑगस्टात आमच्याकडे कपडे चुलीवर वाळवतात. घरी येऊन वाचायला बसले. लॉकयर १८६८ च्या त्या ग्रहणाला भारतात नव्हताच. तो इंग्लंडमध्ये होता आणि त्यानं सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट ग्रहण नसताना, २० ऑक्टोबर १८६८ ला तिथूनच पाहिला, त्यात ती पिवळी रेषा होती. ग्रहणाच्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ यान्सेन होता तो आंध्रात गुंटूरला. लॉकयर विजयदुर्गला आला हे खरं आहे, पण ते ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी मदतीला घेऊन, आणि त्याचा रीतसर छापील अहवाल आहे. जानेवारी! तेव्हा कोकणात आभाळ कसं असतं ते काय सांगायला हवं. त्याच ग्रहणाला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला दुर्बिणी घेऊन बसले होते, ही किती अभिमानाची गोष्ट, पण ती मला कुणी कधी सांगितली नव्हती आणि मीही शोधली नव्हती. कट्टे मला वाटतं १८९८ चेच असावेत. तोवर रॅमसे या रसायनशास्त्रज्ञानं हेलियम पृथ्वीवर वेगळा काढून सुद्धा तीन वर्षं झाली होती, १८९५ मध्ये.

सांगायचं हे आहे की हे सगळं समोर दिसत असताना मला ते मानायला जड गेलं. आठवडाभर मी पळवाटा शोधत होते. कदाचित त्याचा कुणी सहकारी आला असेल, कदाचित नोंद हरवली असेल. मन आतून चिवटपणे धरून बसलं होतं, कारण ती नुसती माहिती नव्हती, त्यात माझं गाव होतं, माझं बालपण होतं, मी कोण याचा एक तुकडा होता. आणि तेव्हा मला पहिल्यांदा आजीचं मन जरा आतून दिसलं. मी पुढच्या तासाला वर्गात सांगितलं की इतकी वर्षं मी चुकीचं शिकवलं आणि त्या मुलीला उभं करून टाळ्या वाजवल्या. पण हे मी करू शकले कारण माझं त्यात काही जळत नव्हतं. ज्याचं जळतं त्याच्याकडून आपण काय म्हणून इतक्या सहज अपेक्षा करतो, की पुरावा दाखवला, आता मान.

आजीचं काय जळत होतं ते मला २०११ च्या डिसेंबरात कळलं.

तेव्हा मी गरोदर होते, पाचवा महिना. १० डिसेंबरला खग्रास चंद्रग्रहण होतं आणि त्याच संध्याकाळी दत्तजयंती, त्यामुळे देवळातला जन्मोत्सव कसा करायचा यावर गावात दुपारपासून नुसती चर्चा. संध्याकाळी सव्वासहाला स्पर्श, पावणेदहाला मोक्ष. मी गावी चार दिवस विश्रांतीला गेले होते. आजी ऐंशीला टेकलेली, सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब नाही, पण दुपारी दोन वाजता पंचांग बघून मला मात्र पेज वाढली, वर म्हणाली, तुका चालता. विळी कुठं दिसेना. मी विचारलं नाही, मला माहीत होतं.

जायच्या आधीच्या आठवड्यात माझी अ‍ॅनॉमली स्कॅन झाली होती, बाळाचे अवयव नीट आहेत ना ते बघायला वीस आठवड्यांच्या आसपास सोनोग्राफी करतात ती. त्या दिवसाबद्दल पण खरं सांगते. बाहेर बाकावर बसून नंबरची वाट बघताना माझ्या पर्समध्ये आजीनं कधीतरी दिलेली तुळशीची माळ हाताला लागली आणि मी ती धरून बसले. एमएस्सी फिजिक्स. मी काही मागत नव्हते, ती माळ फिरवल्यानं पोटातलं बदलणार नाही हे मला शंभर टक्के माहीत होतं. पण मण्यामागून मणी सरकत होता आणि श्वास जागेवर येत होता आणि एकटं वाटत नव्हतं. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, मला ते खोटं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. आत गेल्यावर डॉक्टरांनी स्क्रीनवर एकेक दाखवलं, मणका, हृदयाचे कप्पे, हाताची बोटं. मग म्हणाल्या, "हे ओठ बघा, नीट जुळलेत." पडद्यावर राखाडी रंगाचा एवढासा ओठ. मी रडले.

तर ग्रहणाच्या संध्याकाळी आम्ही दोघी माजघरात बसलो होतो. मी बाहेर जाऊ शकले असते, कुणी धरून ठेवलं नव्हतं, पण आजीचा हात थरथरत होता म्हणून मी गेले नाही. तिला बरं वाटावं म्हणून मी स्कॅनचं सांगायला लागले, बोटं दिसली, हृदय दिसलं, ओठ पण नीट आहेत म्हणाल्या. ओठ म्हटल्याबरोबर तिचा जप थांबला. "ओठ दिसतत?" तिनं विचारलं. परत विचारलं. आणि मग माझ्याकडे न बघता सांगितलं.

बाबांच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. आमच्या घरात हे कुणीच कधी बोललं नव्हतं. ती विशीची होती, सहावा महिना, असंच चंद्रग्रहण, आणि घरात पाहुणे म्हणून तिनं दुधी चिरला होता. वेळ चुकली. घड्याळ कुठं होतं घरात. मूल झालं ते वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेलं, टाळूही. अंगावर ओढता येईना. बोंडल्यानं दूध घातलं की नाकातून बाहेर यायचं. नवव्या दिवशी गेलं. बारसं पण नाही. सासूनं सगळ्यांसमोर विळी तिच्यापुढं टाकली होती आणि म्हणाली होती, बघ, काय चिरलंस.

साठ वर्षं. साठ वर्षं ती हे घेऊन जगली. काकूला चटईवर निजवणारी, कौलातल्या कवडशाला गोणपाट लावणारी ती आजी अडाणी नव्हती, ती आपल्या सुनेला स्वतःच्या वाटेवर जाऊ देत नव्हती. आणि मी कॉलेजात असताना तिला चेंडू आणि टॉर्च घेऊन ग्रहण समजावून सांगायचे, तिनं मान डोलावली की मला वाटायचं पटलं. तिला चंद्र-सूर्याचं काही पडलेलंच नव्हतं. तिचा प्रश्न आभाळातला नव्हताच.

मी तिच्या जवळ सरकले आणि सांगितलं. आजी, बाळाचा वरचा ओठ जुळतो तो चौथ्या ते सातव्या आठवड्यात. दुसरा महिना संपायच्या आत. पुष्कळदा बाईला नीट कळलेलं पण नसतं की दिवस गेलेत, तेव्हा ते झालेलं असतं. टाळू त्यानंतर थोडी मागून, तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीपर्यंत. सहाव्या महिन्यात तू काय चिरलंस, नाही चिरलंस, त्यानं जुळलेला ओठ फाटत नाही. तो आधीच तसा होता. तू दुधी हातात घेतलास त्याच्या चार महिने आधी.

ती कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे भाकरी भाजून झाल्यार पिठाक नाव ठेवल्यासारख्या?"

हो, म्हटलं, अगदी तसंच.

"मगे कित्या झाला?"

इथं माझी पंचाईत झाली, म्हणजे विज्ञानाचीच. काही कारणं माहीत आहेत, काही घराण्यातून येतं, काही औषधं, काही पोषणाच्या कमतरता, पण एका विशिष्ट बाळाला का झालं हे बहुतेक वेळा कुणालाच सांगता येत नाही. मी तेच सांगितलं. खोटं सांगितलं नाही. तिच्याकडे साठ वर्षं एक कारण होतं, भयंकर होतं पण कारण होतं, आणि मी ते काढून घेतलं आणि त्या जागी ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. मी घाबरले. मला वाटलं आता ही जास्तच कोसळेल. पण तिनं माळ उचलली आणि पुन्हा जप सुरू केला, आणि यावेळी आवाज वेगळा होता, हळू, सैल, पहारा उठल्यासारखा. त्या रिकाम्या जागेत तिच्याजवळ ते होतं. माझ्याजवळ नव्हतं, मी नुसती तिचा हात धरून बसले.

आठ वाजून गेले असतील. देवळातल्या घंटेचा आवाज मघाशीच थांबला होता. आजी म्हणाली, खिडकी उघड.

पूर्वेची खिडकी. माडांच्या वर चंद्र, पूर्ण ग्रासलेला, काळा नाही, तांब्याच्या जुन्या घागरीसारखा. तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. लाल कशानं, विचारलं. मी म्हटलं, आपल्या पृथ्वीच्या कडेनं जिथं जिथं आत्ता सूर्य उगवतोय किंवा मावळतोय ना, तिथला उजेड हवेतून वळून त्याच्यावर पडतोय. तिनं ते ऐकलं की नाही कळलं नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दोन्ही हात जोडले. मी तिच्या मागं उभी होते, पोटावर हात ठेवून, ग्रहणाच्या ऐन उजेडात, आणि तिनं मला आत ढकललं नाही.

साडेआठला एका कडेला पांढरी रेघ उमटली. मोक्षाला अजून सव्वा तास होता. आजी खिडकीतून न हलता म्हणाली, "कणगीत विळी आसा. काढून ठेव गो, सकाळी नारळ खवचो आसा."

मी कणगीत हात घातला. भात गार लागत होता. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा फडकं लागलं, तेच, लुगड्याचं, मऊ झालेलं.